‘ट्रिमर’ : एका निंदावाचक शब्दाचा इतिहास

चंचल वृत्तीच्या माणसाला नांवें ठेवण्याच्या कामीं कोणतीच भाषा दरिद्री नाहीं. अशा माणसाला आपण धरसोड्या म्हणतों; तो सरड्यासारखा रंग बदलतो, दोन्ही डगरींवर हात ठेवतो, वारा पाहून पाठ देतो, असेंहि म्हणतों. इंग्रजी भाषेनेंहि या बाबतींत कांहीं उणें पडूं दिलेलें नाहीं. पक्ष बदलणाऱ्याला ती अंगरखा उलटा करून घालणारा म्हणजे ‘टर्नकोट’ म्हणते. चर्चच्या शिखरावर वाऱ्याबरोबर फिरणारा जो धातूचा कोंबडा असतो, त्यावरून एखाद्याला ती ‘वेदरकॉक’ म्हणते. याच मालिकेंत ‘ट्रिमर’ हा एक शब्द आहे. कोश उघडला तर त्याचा अर्थ संधिसाधु, दोन्ही पक्षांना राजी राखूं पाहणारा, असा मिळतो. शाळेंत इंग्रजी शिकविणारा मास्तर मुलांना शब्दापुढें एक प्रतिशब्द लिहून देतो, आणि परीक्षेपुरतें तें पुरेंहि असतें. परंतु कांहीं शब्दांचा अर्थ कोशापेक्षां इतिहासांत अधिक सांपडतो. ‘ट्रिमर’ हा त्यांतला आहे.

प्रथम ज्याच्या चंचलपणाविषयीं वादच नाहीं असा एक नमुना पाहूं. टेम्स नदीच्या कांठीं बर्कशायर परगण्यांत ब्रे नांवाचें गांव आहे. टॉमस फुलर या लेखकाच्या १६६२ सालीं प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत तेथील एका धर्मोपदेशकाची आख्यायिका दिली आहे. आठवा हेन्री, सहावा एडवर्ड, मेरी आणि एलिझाबेथ अशा चार राज्यकर्त्यांच्या अमदानींत देशाचा अधिकृत पंथ जसजसा बदलला, तसतसा हा गृहस्थहि दोनदां कॅथॉलिक आणि दोनदां प्रॉटेस्टंट झाला. कोणीं त्याला दोष दिला तेव्हां त्यानें उत्तर केलें कीं, आपलें तत्त्व कधींच ढळलेलें नाहीं. मरेपर्यंत ब्रेचा व्हिकर राहावें हेंच तें तत्त्व. तेव्हांपासून ‘व्हिकर ऑफ ब्रे’ हें इंग्रजींत संधिसाधूचें सामान्यनाम होऊन बसलें. ‘ट्रिमर’ याच जातीचा काय, हा आजचा प्रश्न आहे.

‘ट्रिम’ या क्रियापदाचें मूळ प्राचीन इंग्रजींत असून तेथें त्याचा अर्थ बळकट करणें, दृढ करणें, नीट रचणें असा होता. म्हणजे आज अस्थिरतेचा वाचक बनलेला शब्द मूळांत स्थैर्याचा वाचक होता. मधल्या शतकांतील लिखाणांत तो फारसा आढळत नाहीं. सोळाव्या शतकापासून मात्र वस्तु नीटनेटकी करणें, केस कातरून सारखे करणें, दिव्याची वात कापून ठीक करणें, अशा नाना कामांना तो लागला. खलाशांच्या तोंडीं तर त्याला दोन स्वतंत्र अर्थ आले. एक अर्थ वाऱ्याचा रोख पाहून शिडें ओढणें किंवा सैल सोडणें हा. दुसरा अर्थ जहाजांतील माल आणि माणसें अशा रीतीनें मांडणें कीं जहाज एका अंगास कलूं नये. आपल्याकडे नदीपार नेणारा नावाडी ‘चार जण पलीकडच्या बाजूला सरका’ म्हणून ओरडतो, तेव्हां तो या दुसऱ्या अर्थानें ‘ट्रिम’ करीत असतो. शीड फिरविणाऱ्याची नजर वाऱ्यावर असते. वजन सरकविणाऱ्याची नजर होडीवर असते. कांठावरून पाहणाऱ्याला दोघेहि जागा बदलतांनाच दिसतात. या शब्दाविषयीं पुढें जो वाद माजला त्याचें बीज येथेंच आहे.

आतां सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांतील इंग्लंडकडे वळूं. गादीवर दुसरा चार्लस होता. त्याला औरस संतति नव्हती. वारस होता त्याचा भाऊ जेम्स, ड्यूक ऑफ यॉर्क, आणि तो कॅथॉलिक झालेला होता. प्रॉटेस्टंट प्रजेला या गोष्टीची मोठी धास्ती वाटे. तशांत १६७८ सालीं टायटस ओट्स नांवाच्या एका लबाड इसमानें, कॅथॉलिकांनीं राजाच्या खुनाचा कट केला आहे, अशी कपोलकल्पित हकीकत उठविली. सारा देश खवळला आणि त्या खोट्या साक्षीवर कित्येक निरपराध माणसें वधस्तंभाकडे गेलीं. जेम्सला वारसा हक्कांतून वगळण्याचा प्रयत्न १६७९ ते १६८१ या काळांत एकामागून एक तीन पार्लमेंटांत झाला. या रणधुमाळींत दोन पक्ष उभे राहिले आणि त्यांनीं एकमेकांना शिव्यांनींच ओळखावयास सुरुवात केली. वगळण्याच्या बाजूच्या लोकांना स्कॉटलंडांतील बंडखोरांवरून ‘व्हिग’ म्हणूं लागले. राजपक्षाच्या लोकांना आयर्लंडांतील लुटारूंवरून ‘टोरी’ म्हणूं लागले. पुढें या शिव्यांचींच बिरुदें झालीं, हें सर्वांना ठाऊक आहे.

तिसरी शिवी १६८२ च्या सुमारास निघाली. रॉजर लेस्ट्रेंज नांवाचा कडवा टोरी लेखक १६८१ पासून ‘ऑब्झर्व्हेटर’ नांवाचें पत्र चालवीत असे. पत्राची रचना संवादाची. एका बाजूला शहाणा ऑब्झर्व्हेटर, दुसऱ्या बाजूला मार खाण्यासाठीं उभा केलेला व्हिग. १६८२ च्या अखेरीस लेस्ट्रेंजनें व्हिगला रजा दिली आणि त्याच्या जागीं ‘ट्रिमर’ आणून बसविला. त्याचा रोख असा कीं, व्हिग निदान उघड शत्रु आहे. परंतु राजनिष्ठ म्हणवून घेऊन शत्रूविषयीं सौम्य बोलणारा मनुष्य त्याहून घातकी. धर्मपीठांवरूनहि या शब्दाचा भडिमार होऊं लागला. जो म्हणून पुरेसा क्रुद्ध नाहीं तो ट्रिमर, असा अर्थ रूढ झाला.

ही शिवी ज्याच्या अंगीं सर्वांत अधिक लागली तो पुरुष म्हणजे जॉर्ज सॅव्हिल, मार्क्विस ऑफ हॅलिफॅक्स. त्याचा जन्म १६३३ सालीं यॉर्कशायरमध्यें झाला. त्याचे वडील राजपक्षाचे. यादवी युद्धाच्या काळांतच ते वारले. सॅव्हिल वाढला तो त्या युद्धाच्या छायेंत, आणि देश दुभंगला म्हणजे काय होतें याची जाणीव त्याच्या सर्व वर्तनाच्या मुळाशीं दिसते. तो बुद्धिमान, वाक्पटु आणि थट्टेखोर होता. पदव्यांची तो टिंगल करी आणि स्वतः पदव्या घेई. हा दोष त्याच्या मित्रांनाहि दिसत असे.

१५ नोव्हेंबर १६८० हा त्याच्या आयुष्यांतील मोठा दिवस. जेम्सला वगळण्याचें बिल त्या दिवशीं लॉर्डांच्या सभागृहापुढें आलें. कॉमन्सनें तें मंजूर केलेलें, लंडन शहर खवळलेलें, आणि बिलाचा पुरस्कर्ता शॅफ्ट्सबरी हा त्या काळचा धुरंधर पुढारी. शॅफ्ट्सबरीची प्रथम पत्नी ही हॅलिफॅक्सची मावशी. मावशीच्या यजमानांचा एकेक मुद्दा हा भाचा रात्रीपर्यंत खोडीत राहिला. राजा स्वतः सभागृहांत हजर होता. अखेर बिल ३० विरुद्ध ६३ मतांनीं फेटाळलें गेलें. हॅलिफॅक्सची जेम्सवर भक्ति होती असें मुळींच नाहीं. वारसाक्रम मोडला तर पुन्हां यादवी होईल, त्यापेक्षां कॅथॉलिक राजाचे अधिकार कायद्यानें बांधून टाकावे, हें त्याचें म्हणणें. कॉमन्सनें चिडून, या मनुष्याला आपल्या सल्लागारांतून दूर करावें, अशी राजाकडे मागणी केली. पुढच्याच महिन्यांत लॉर्ड स्टॅफर्ड या वृद्ध कॅथॉलिक सरदारावर कटाच्या आरोपावरून खटला झाला, तेव्हां हॅलिफॅक्सनें निर्दोष म्हणून मत दिलें. बहुमत विरुद्ध पडलें आणि स्टॅफर्डचा शिरच्छेद झाला. त्या घटकेला पाहणारा कोणीहि म्हणाला असता कीं, हॅलिफॅक्स पक्का टोरी आहे.

परंतु वारा फिरला. मार्च १६८१ मध्यें ऑक्सफर्ड येथें भरलेलें पार्लमेंट राजानें आठवड्याभरांत बरखास्त केलें आणि त्यानंतर टोरींची सरशी झाली. शॅफ्ट्सबरी देश सोडून गेला. शहरांच्या सनदा हिरावून घेण्याचें सत्र सुरू झालें. १६८३ सालीं खुद्द लंडनची सनद गेली. त्याच वर्षीं राजावर घाला घालण्याचा एक कट उघडकीस आला आणि त्या निमित्तानें व्हिग पुढाऱ्यांवर सूड उगविला गेला. लॉर्ड रसेलचा जुलैंत व अल्जर्नन सिडनेचा डिसेंबरांत वध झाला. विजयी पक्षाच्या मंत्रिमंडळांत बसलेल्या हॅलिफॅक्सनें आतां स्वस्थ बसून वैभव भोगावें, हें संधिसाधूचें गणित. पण त्यानें रसेलचे प्राण वांचविण्यासाठीं रदबदली केली. तीन वर्षांतून एकदां तरी पार्लमेंट भरलें पाहिजे असा १६६४ चा कायदा होता. १६८४ सालीं ती मुदत उलटली, तेव्हां पार्लमेंट बोलवा असा आग्रह त्यानें राजापाशीं धरला. त्याच वर्षाच्या अखेरीस न्यू इंग्लंडमधील वसाहतींचा कारभार कसा करावा हा प्रश्न निघाला. राजाच्या मर्जीपेक्षां इंग्लंडच्या कायद्यानें तेथील लोकांनीं राहावें, ही बाजू त्यानें मांडली. असा मनुष्य दरबारांत ठेवणें बरें नव्हे, असें जेम्सनें भावाला सुचविलें. ज्या जेम्सचा वारसा याच मनुष्यानें चार वर्षांपूर्वीं वांचविला होता तोच हा जेम्स.

या सुमारास, १६८४ च्या हिंवाळ्यांत, हॅलिफॅक्सनें ‘दि कॅरॅक्टर ऑफ ए ट्रिमर’ ही पुस्तिका लिहिली. आरंभीं ती हस्तलिखित रूपानेंच फिरत होती. १६८८ सालीं ती छापून निघाली तेव्हां तिच्यावर त्याचे दिवंगत मामा सर विल्यम कॉव्हेंट्री यांचें नांव होतें. शत्रूनें फेंकलेला शब्द त्यानें झिडकारला नाहीं. तो उचलून त्याचा दुसरा अर्थ पुढें केला. होडींतील कांहीं लोक एका बाजूस भार टाकतात, कांहीं तितकाच दुसऱ्या बाजूस टाकतात; अशा वेळीं होडी समतोल चालावी म्हणणारा तिसरा मनुष्य अपराधी कसा, असा त्याचा युक्तिवाद आहे. राजसत्ता असावी, पण कायद्याच्या आंत. स्वातंत्र्य असावें, पण बेबंदशाही नसावी. धर्म असावा, पण छळ नसावा, हें त्या पुस्तिकेचें तात्पर्य. लेस्ट्रेंजनें शिडाचा अर्थ धरला होता, हॅलिफॅक्सनें वजनाचा धरला. शब्द तोच होता.

६ फेब्रुवारी १६८५ रोजीं चार्लस वारला आणि जेम्स राजा झाला. कॅथॉलिकांना सरकारी अधिकारांपासून दूर ठेवणारा टेस्ट कायदा रद्द करण्यास पाठिंबा द्या, असें नव्या राजानें विचारलें. हॅलिफॅक्सनें नकार दिला आणि ऑक्टोबरांत त्याला अधिकारपद सोडावें लागलें. पुढें १६८७ सालीं जेम्सनें राजाज्ञेनें सर्व पंथांना मोकळीक दिली, तेव्हां राजमान्य चर्चबाहेरच्या प्रॉटेस्टंटांना त्यानें निनांवी पत्ररूपानें इशारा दिला कीं, कायदा बाजूस सारून मिळालेल्या सवलतीवर भुलूं नका. ३० जून १६८८ रोजीं सात प्रमुख पुरुषांनीं हॉलंडच्या विल्यमला सैन्यासह येण्याचें निमंत्रण पाठविलें; त्यांत सही करण्यास मात्र तो तयार झाला नाहीं. नोव्हेंबरांत विल्यम उतरला. जेम्सनें वाटाघाटीसाठीं पाठविलेल्या तीन वकिलांत हॅलिफॅक्स होता. इकडे वाटाघाटी चालू ठेवून जेम्स ११ डिसेंबर रोजीं राजमुद्रा टेम्स नदींत फेंकून पळाला. आपला उपयोग केवळ वेळ काढण्यापुरता झाला हें हॅलिफॅक्सला तेव्हां कळून आलें. राजधानी निर्नायकी झाली असतां सरदारांनीं जें तात्पुरतें मंडळ बनविलें, त्याचें नेतृत्व त्याच्याकडे आलें. १३ फेब्रुवारी १६८९ रोजीं व्हाइटहॉलच्या बँक्वेटिंग हाउसमध्यें विल्यम आणि मेरी यांना राजमुकुट अर्पण करतांना पार्लमेंटच्या वतीनें बोलला तो हॅलिफॅक्सच. जी राज्यक्रांति इंग्लंडमध्यें जवळजवळ रक्तपाताशिवाय झाली, तिच्या शेवटच्या घटकेस होडी उलटूं न देणाऱ्यांत त्याची गणना करावी लागते.

आतां दुसरी बाजू दाखविणारा एक मनुष्य पाहूं. हॅलिफॅक्सची प्रथम पत्नी डोरोथी स्पेन्सर. तिचा भाऊ रॉबर्ट स्पेन्सर, अर्ल ऑफ संडरलंड. हे दोघे मेहुणे एकाच काळांत, एकाच दरबारांत वावरले. १६८० सालीं जेम्सला वगळणारा पक्ष जिंकणार अशीं चिन्हें दिसतांच संडरलंडनें राजाचा मंत्री असूनहि त्या बाजूनें मत दिलें. तो पक्ष हरला, संडरलंडचें पद गेलें. लवकरच लोटांगण घालून तो दरबारांत परतला. जेम्स राजा झाल्यावर हाच मनुष्य त्याचा मुख्य मंत्री बनला आणि १६८८ च्या उन्हाळ्यांत कॅथॉलिकहि झाला. कांहीं महिन्यांतच जेम्सचें राज्य बुडालें. संडरलंड हॉलंडमध्यें पळाला, पुन्हां प्रॉटेस्टंट झाला आणि पुढें त्याच विल्यमचा सल्लागार होऊन १६९७ सालीं लॉर्ड चेंबरलेन झाला. दोघांनींहि बाजू बदलल्या. पण संडरलंड प्रत्येक वेळीं जी बाजू भारी दिसली तिकडे गेला. हॅलिफॅक्स बहुधा जी बाजू हलकी पडली तिकडे गेला. एकाला जागा बदलून पदें मिळालीं, दुसऱ्याचीं पदें गेलीं.

येथवर ऐकून हॅलिफॅक्स निर्दोष होता असें कोणी समजूं नये. त्याच्या पद्धतींत एक मोठा धोका आहे आणि तो त्याच्याच चरित्रांत दिसतो. १६७९ सालीं ओट्सच्या कटाची हवा जोरांत असतां कॅथॉलिक धर्मगुरूंना द्यावयाच्या शिक्षेचा प्रश्न निघाला. त्या वेळचें हॅलिफॅक्सचें वर्तन त्याचा सहकारी सर विल्यम टेंपल यानें आपल्या आठवणींत नमूद केलें आहे. कट खरा असो वा नसो, लोकांचा त्यावर विश्वास आहे म्हणून तो खरा धरूनच वागलें पाहिजे, असें हॅलिफॅक्सचें मत पडलें. टेंपलनें साथ दिली नाहीं तर तो कॅथॉलिक आहे असें सर्वांना सांगेन, अशी धमकीहि त्यानें दिली. हाच मनुष्य पुढच्या वर्षीं स्टॅफर्डला निर्दोष ठरवितो, हें खरें; पण मधल्या काळांत मेलेले मेले. जेथें एक पक्ष खोटें बोलत आहे तेथें खरें आणि खोटें यांचा मध्य काढणें म्हणजे समतोल नव्हे. होडी सांवरण्यासाठीं वजन सरकवावें हें ठीक. परंतु त्यासाठीं एखादा निरपराध उतारू पाण्यांत लोटला तर तें नावाड्याचें कौशल्य ठरत नाहीं. तसेंच १६८८ च्या निमंत्रणाचा धोका इतरांनीं पत्करला. तो सफल झाल्यावर त्याला व्यवस्थित रूप देण्यास हॅलिफॅक्स पुढें आला. हा आक्षेपहि सर्वस्वीं खोडून काढतां येत नाहीं.

त्याचें फळ त्याला मिळालें. नव्या राज्यांत तो मंत्री झाला, पण व्हिगांना १६८० विसरलें नव्हतें आणि टोरींना १६८९ सहन होत नव्हतें. १६९० च्या आरंभीं त्यानें पद सोडलें. १६९५ सालीं तो वारला. पुढें दीडशें वर्षांनीं, १८४८ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या इतिहासांत मेकॉलेनें त्याचा गौरव केला, आणि विजयी पक्ष सोडून पराभूतांकडे झुकणें ही संधिसाधूची रीत नव्हे, ही गोष्ट ठासून सांगितली. मेकॉले स्वतः व्हिग होता, हें लक्षांत घेतलें म्हणजे या प्रशस्तीची किंमत वाढते.

तथापि शब्दाचें दैव पालटलें नाहीं. ‘व्हिग’ आणि ‘टोरी’ या शिव्यांना प्रतिष्ठा आली. ‘ट्रिमर’ मात्र शिवीच राहिला. याचें कारण शोधूं गेल्यास फार लांब जावें लागत नाहीं. शिवीचें बिरुद होण्यास ती मिरविणारा समुदाय लागतो. व्हिगांच्या आणि टोरींच्या मागें पक्ष होते, पिढ्यान् पिढ्या निवडणुका लढविणारीं घराणीं होतीं. ट्रिमरचा पक्ष नसतो; पक्ष झाला तर तो ट्रिमर राहत नाहीं. म्हणून त्याच्या बाजूनें एक पुस्तिका झाली आणि एका इतिहासकाराचीं कांहीं पानें झालीं, पण रोजच्या बोलण्यांत लेस्ट्रेंजचाच अर्थ टिकला. आजहि इंग्रजी राजकारणांत कोणाला ‘ट्रिमर’ म्हटलें तर तो स्तुति समजत नाहीं.

मराठींत या शब्दाला एकच प्रतिशब्द द्यावयाचा म्हटलें तर अडचण पडते. ‘संधिसाधु’ म्हटलें तर हॅलिफॅक्स सुटतो. ‘मध्यस्थ’ म्हटलें तर संडरलंड निसटतो. म्हणून ग्रंथांत हा शब्द आला म्हणजे तो कोण, कोणाला, कोणत्या सालीं म्हणत आहे, हें आधीं पाहावें. प्रत्यक्ष माणसाची पारख करतांनाहि तीच तसदी घ्यावी लागते. मनुष्यानें जागा बदलली एवढ्यावरून तो चंचल ठरत नाहीं, आणि जन्मभर एकाच जागीं बसला म्हणून निष्ठावंतहि ठरत नाहीं. ब्रेचा व्हिकर आपल्या जागेवरून तसूभरहि हलला नव्हता. जागा बदलणारा भारी बाजूकडे गेला कीं हलक्या बाजूकडे, त्यांत त्याच्या पदरांत काय पडलें, आणि त्याच्या सरकण्याची किंमत दुसऱ्या कोणाला द्यावी लागली काय, हे तीन प्रश्न विचारल्यावांचून हा शब्द कोणालाहि लावूं नये.